छपराला फुटलेला घाम

ता. ६ जानेवारी

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे मजेत आहोत, पण वैतागलोय. तू घालून दिलेलं पत्र्याचं छप्पर गळतंय! पाऊस नाही, आभाळात ढगाचा तुकडा नाही, तरी रोज सकाळी माझ्या पुस्तकबांधणीच्या टेबलावर टपटप सुरू. वाचनालयाच्या पुस्तकांना डाग पडले. ग्रंथपालबाईंनी गोड बोलूनच बजावलं, की पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे द्यावं लागेल. ह्यांनी शिडी लावून एकूण एक स्क्रू डांबरानं लिंपला. वर मला विचारून घेतलं, की तुझ्या भावानं छप्पर घातलंय की चाळण? धुकं आत शिरू नये म्हणून मी खिडक्या घट्ट लावते, वळचणीखालच्या झरोक्यांतही चिंध्या कोंबल्यात. तरी गळतंय ते गळतंयच. आता तूच बघ काय ते. वहिनीला नमस्कार.

तुझी,
चिमी

ता. १० जानेवारी

चि. सौ. चिमीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. जन्मभर छपरं घातली आणि नेमकं बहिणीचंच गळावं! तुझ्या वहिनीनं पत्र पुन्हा मोठ्यानं वाचायला लावलं आणि विचारलं, की पाऊसच नाही तर पाणी आलं कुठून? तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. चिमे, छप्पर गळत नाही, त्याला घाम फुटतोय. सकाळी तू पुस्तकं चिकटवायची खळ शिजवतेस. ती वाफ वर जाते, रात्रभर गारठलेल्या पत्र्याला लागते आणि पाणी होऊन खाली येते. भाजीवरच्या झाकणाला आतून थेंब धरतात ना, तसंच. आणि वाफेला बाहेर जायची जी वाट, तिथंच तू चिंध्या कोंबल्यास. शाबास! आधी त्या काढ. खळ शिजताना समोरासमोरच्या खिडक्या उघड. थंडी वाजली तर स्वेटर घाल. रविवारी पत्र्याखाली लावायचं अस्तर घेऊन येतो. मेहुणेबुवांना सांग, डांबर वाया गेलं, पण शिडीवर चढले याचं कौतुक आहे.

तुझा,
दादा

ता. २ फेब्रुवारी

ति. दादास,
शि. सा. न.

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणतेय. आल्या आल्या, चहालाही न थांबता तू शिडीवर चढलास, पत्र्यावरून आतल्या बाजूनं हात फिरवलास आणि ओला तळवा ह्यांच्या नाकासमोर धरलास. त्यांचा चेहरा आठवून अजून हसू येतं. पण दादा, तुझा चेहराही मी पाहिला. एकही भोक नाही हे कळल्यावर कितीतरी वेळ तू शिडीवरच उभा होतास. मी असं फटकन लिहायला नको होतं.

अस्तराचे सांधे तू टेपनं असे बंद केलेस, की वाफ पत्र्यापर्यंत पोचतच नाही. खालच्या झरोक्यांतून ताजी हवा येते, आढ्याजवळ केलेल्या नव्या झडपेतून दमट हवा निघून जाते. गेल्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. बाहेरून पत्रा दवानं भिजलेला, आत टेबल कोरडं ठणठणीत! एकदा मात्र खळ शिजताना खिडकी उघडायला विसरले, तर काचांवर ओघळ. सवय व्हायला वेळ लागेल.

काल ग्रंथपालबाई आल्या. वर बघितलं, टेबलावरून बोट फिरवलं आणि जुना जाडजूड शब्दकोश बांधायला ठेवला. निघताना म्हणाल्या, की त्यांच्या पत्र्याच्या पडवीतही असंच टपकतं, तर त्या कारागिराचा पत्ता मिळेल का? दिला. पण सांगून ठेवलं, की कारागीर तो नंतर, आधी माझा भाऊ आहे. दोन दिवस माझ्याकडे राहील, मगच तुमच्याकडे येईल. तेव्हा येताना वहिनीलाही घेऊन ये.

अशीच माया असू दे.

तुझी,
चिमी