सोंड लावायचं वय

१२ जानेवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. निदान मागच्या महिन्यापेक्षा तरी खुशाल आहे. तू आणि जावईबापू बरे असाल. परवा फोन ठेवल्यावर तुझा फुगलेला आवाज दिवसभर कानात राहिला. "आई सकाळी येते आणि संध्याकाळच्या गाडीने पळते, दोन वर्षांत एकदा राहिली नाही," ही तुझी तक्रार अगदी खरी. दुकान, गिऱ्हाईक आणि गुडघा ही तीन कारणं मी आलटून पालटून वापरली. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे.

कारण एवढंच की मी घोरते. त्यात नवीन काय, असं म्हणशील. पण तुला माहीत आहे ते तुझ्या लग्नाआधीचं, मांजरासारखं. मागे तुझ्याकडे मुक्काम केला तेव्हा पहाटे पाणी प्यायला उठले, तर जावईबापू स्वयंपाकघरात सतरंजीवर, डोक्यावर उशी दाबून झोपलेले. सकाळी मलाच विचारतात, "आई, झोप लागली ना नीट?" इतक्या गोडीने विचारलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर मुक्काम करायचा धीरच होईना.

पुढे पुढे दिवसाही डोळे मिटायला लागले. डिसेंबरात दुकानात एका मोठ्या तसबिरीची काच कापता कापता डुलकी लागली आणि काच तळहातावरून गेली. घाबरू नकोस, चार टाके पडले आणि आता जखम भरली आहे. शेजारच्या दुकानातले चष्मेवाले आवाज ऐकून धावत आले, गिऱ्हाइकाला तसंच सोडून मला दवाखान्यात घेऊन गेले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?" मी काहीतरी थाप मारणार होते, तेवढ्यात चष्मेवाले म्हणाले, "झोपल्या होत्या. हल्ली वरचेवर झोपतात." मला राग आला, पण त्यामुळेच झोपेच्या डॉक्टरीणबाईंकडे रवानगी झाली.

त्यांनी विचारलं, "रात्री श्वास थांबतो असं घरातलं कोणी सांगतं का?"
मी म्हटलं, "घरात मी एकटीच असते."
त्यांनी ते लिहून घेतलं. साधाच प्रश्न, पण घरी येईपर्यंत काही केल्या मनातून जाईना.

मग एक रात्र छातीला पट्टा आणि बोटाला चिमटा लावून झोपायला सांगितलं. निघालं असं, की झोपेत माझा घसा मिटतो. तासातून तीसेक वेळा श्वास अडतो आणि जीव दचकून जागा होतो, फक्त मला ते आठवत नाही. आठ तास झोपूनही सकाळी अंग ठेचल्यासारखं का, ते तेव्हा कळलं. उपाय म्हणून एक मशीन दिलंय. बुटांच्या खोक्याएवढं, त्याला लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क. रात्रभर हवेचा दाब देऊन ते घसा उघडा ठेवतं. मी त्याला सोंड म्हणते.

पहिल्या रात्री वाटलं, धावत्या गाडीच्या खिडकीबाहेर कोणीतरी माझं तोंड धरलंय. दुसऱ्या रात्री झोपेतच काढून फेकली, सकाळी बघते तर पलंगाखाली फुसफुसत पडलेली. घसा कोरडा, गालांवर पट्ट्यांचे वळ, नाकाच्या कडेने हवा सुटून थेट डोळ्यात. पोटात वारा शिरून तान्ह्या बाळासारखे ढेकर येतात ते वेगळेच. चौथ्या दिवशी मशीन उचलून ते दिलं त्या दुकानात परत द्यायला गेले. तिथली मुलगी म्हणाली, "काकू, एकदम रात्रभर नका लावू. दिवसा लावून पेपर वाचत बसा. नाकापेक्षा मनालाच सवय लागायला हवी."

म्हणून आता जेवणाच्या सुट्टीत दुकानाचं शटर अर्धं ओढून मी सोंड लावून बसते. चष्मेवाल्यांनी नाकावर मऊ पट्टी चिकटवून द्यायचा प्रयोग केला. हवा दुप्पट सुटली. असो.

जपून राहा.
तुझी आई

९ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. सर्दी गेली का?

"आई, तुझ्या पत्रात डॉक्टरांपेक्षा चष्मेवालेच जास्त आहेत," असं तू फोनवर म्हणालीस आणि मी दूध उतू चाललंय म्हणून फोन ठेवला. दूध फ्रीजमध्ये होतं.

आधी मशीनचं सांगते. मशीनच्या दुकानातल्या त्या मुलीने माझं नाक मोजलं आणि मास्क एक माप लहान दिला. हवा सुटते म्हणून मी पट्टे करकचून आवळत होते, त्यानेच जास्त सुटत होती. तिने ते सैल केले. मशीनमध्ये पाण्याचं भांडं बसतं, ते भरायला लागल्यापासून घसा सुकत नाही. दाबही आता हळूहळू चढतो. बहुतेक रात्री पुरी झोप होते. पहिल्यांदा झाली तेव्हा गजराच्या आधी जाग आली आणि मला वाटलं मी आजारी आहे. डोकं दुखत नव्हतं, हेच चुकल्यासारखं वाटत होतं. परवा आरशाची अख्खी काच एका दमात कापली.

आता दुसरं.

चष्मेवाल्यांनी मागच्या उन्हाळ्यातच मला विचारलं होतं. लग्नाचं. दुकान बंद करताना, कुलूप हातात घेऊन म्हणाले, "तुम्हीही फ्रेमवाल्या, मीही फ्रेमवाला. दोन घरं वेगळी कशाला चालवायची?" मी म्हटलं, "हे काय वय आहे का?" ते म्हणाले, "बरं," आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा चहा पाठवला. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. पण ठके, मी वयासाठी नाही म्हटलं नव्हतं. मला त्यांच्यासमोर झोपायची भीती वाटली. छप्पन्न वर्षांच्या बाईने असं म्हणणं हास्यास्पद आहे, तरी तसंच होतं.

मग मागच्या आठवड्यात एका दुपारी मी सोंड लावून बसलेली असताना ते शटरखालून वाकून आत आले. मी काढायला गेले तर म्हणाले, "राहू द्या, मी पाहिलेलं आहे आता." आणि स्टूल ओढून पुढ्यात बसले. मास्क नाकावर असताना तोंड उघडलं की हवा तोंडातून बाहेर येते, बोलताच येत नाही. माझी ही तोंड मिटून ऐकायची अवस्था तुझ्या बाबांनीही कधी पाहिली नसेल. तासभर तेच एकटे बोलत होते. उठताना मी मास्क काढला आणि एकदाचं सांगून टाकलं. "मी घोरते. जावई स्वयंपाकघरात पळतो इतकी घोरते. आणि यापुढे जन्मभर ही सोंड लावून झोपणार आहे. उन्हाळ्यात नाही म्हटलं ते त्या घोरण्यापायी."

त्यांनी स्टूल कोपऱ्यात सरकवलं. मग म्हणाले, "माझा डावा कान गेलेला आहे, ठाऊक आहे ना? उजव्या कुशीवर झोपलो की शेजारी बँड वाजला तरी मला ऐकू येत नाही."

मला हसू फुटलं. ते मात्र हसले नाहीत. म्हणाले, "म्हणून तर हे मशीन हवं. तुमचा श्वास थांबला तर मला कळणार नाही. माझ्या भरवशावर राहू नका, ते रोज लावा."

मी नळी गुंडाळून ठेवली. मग "लावते," एवढंच म्हटलं, आणि दोन दिवसांनी "हो" म्हटलं.

बाबांचा फोटो बैठकीत आहे तिथेच राहील, हे मीच त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याच्या काचेचा वरून टवका उडालाय, बदलायला हवी." काल आम्ही दोघांनी मिळून बदलली.

तुझी परवानगी मागत नाही, माझं ठरलं आहे. पण तुला दुसऱ्या कोणाकडून कळलं असतं तर मला सहन झालं नसतं. समोर बसून सांगायला जीभ रेटेना, म्हणून इतकी पानं. तुला राग येईल, रडू येईल, जे येईल ते येऊ दे. शुक्रवारी मी येते आणि रविवारपर्यंत राहते. एकटीच येईन. पलंगाजवळ एक प्लग रिकामा ठेव आणि जावईबापूंना सांग, स्वतःच्या गादीवर झोपा. चष्मेवाल्यांना कधी आणायचं ते तू म्हणशील तेव्हा, आणि तू लवकर म्हणावंस असं मला फार वाटतं.

दारात मला काही विचारू नकोस. आधी जवळ घे.

कोणाचीही झाले तरी आधी तुझीच,
आई