चाकांभोवतीची वई

जबल अली, दुबई

प्रिय ममता,

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं, ऊनही उतरलंय. पुढचं फोनवर सांगायला जमलं नसतं, म्हणून लिहितोय.

रूथ मॅडम गेल्या. टांझानियात मी ज्यांचं छोटं विमान सांभाळायचो, त्या. सफारीच्या पाहुण्यांकडून मिळेल ते सगळं त्या विमानाच्या पेट्रोलात घालायच्या आणि हत्ती मारणाऱ्या टोळ्या वरून शोधायच्या. गेल्या त्या आजारपणात, विमानात नाही.

रानात मुक्काम पडला की तरस विमानाचे टायर चावायचे. म्हणून आम्ही दोघं चाकांभोवती काटेरी फांद्यांची वई घालायचो, आपण काजूच्या रोपांना घालतो तशी. त्याआधी मॅडम चहालासुद्धा हात लावायच्या नाहीत.

बातमी आल्यापासून एका जागी बसवत नाही. काल ड्युटी संपल्यावर मी गोदामासमोरच्या ट्रकच्या चाकांभोवती रिकामी लाकडी पॅलेट रचत होतो. सुपरवायझर म्हणाला, "हबीबी, ये क्या कर रहा है? यल्ला, बस छूट जाएगी." तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

तिकडून विचारतायत, नवा पायलट मिळालाय, मेकॅनिक म्हणून परत येशील का. तू नकोच म्हणशील. मीही अजून हो म्हटलेलं नाही.

आईचा गुडघा कसा आहे? रोपांना वई घातलीस ना? गुरं सुटायच्या आत घाल.

विमान अजून रानातच उभं आहे म्हणे. चाकांचं विचारायचा मला धीर झाला नाही.

तुझाच,
दत्ताराम