भोंग्यातल्या बाई

२ मे
आले एकदाची! वादळसूचना केंद्राची निवेदिका. ऐकायला केवढं झोकदार! प्रत्यक्षात टेकाडावरची एक खोली, तारेचा माईक आणि गावभर लावलेले भोंगे. खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं, मेच्या सुट्टीतही पोरांनी भरलेलं. साहेबांनी नियम समजावले. ढगांची वर्दी आली की सूचना द्यायची, लोक आत गेले की माईकची तार काढून लांब बसायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी बाहेर यायचं नाही. आधीच्या बाई माईक धरून बोलतच राहिल्या आणि विजेने गेल्या, हेही सांगितलं. वाईट वाटलं. खोली मात्र छान आहे, पडदे तेवढे बदलीन.

९ मे
दूधवाला म्हणतो, बाईंच्या आवाजात माया होती. शाळेच्या शिपाईणमावशी म्हणतात, तुम्हालाही जमेल हळूहळू. हळूहळू! मेलेल्या माणसाशी बरोबरी करायची कशी? त्यांच्या हातून आता चुकाही होत नाहीत. जळते मी त्यांच्यावर. स्वतःच्या वहीत लिहायला लाज कसली?

१५ मे
पहिलं वादळ. घसा फोडून सांगितलं, मैदानावरचं एक पोर हललं नाही. मी माईक खाली ठेवला, आणि भोंगा पुन्हा बोलला. शब्द माझेच, आवाज मऊ. पोरं धावत आत गेली. साहेबांनी फोनवर शाबासकी दिली, आज अगदी बाईंसारखं बोललात म्हणून.
भीती नंतर वाटली. आधी अंगाचा तिळपापड झाला.

१६ मे
सकाळी माईकवरून ठणकावलं, की बाई गेल्या, यापुढे फक्त माझं ऐकायचं. भोंग्यात कुणीतरी श्वास ओढून घेतला.

२१ मे, दुपार
तीव्र वादळाची वर्दी. सूचना दिली. सगळे आत गेले, माझ्या आवाजाने! माईकची तार काढली.

भोंगा बोलतोय. तोच मऊ आवाज, बाईंचा. वादळ टळलं म्हणते, बाहेर या म्हणते. तार तर काढलेली —

पोरं मैदानात येताहेत. मावशीसुद्धा. टेकाडामागे वीज पडली. शाळेत फोन कुणी उचलत नाही.

म्हणजे जळणारी मी एकटी नव्हते.

तार जोडली. ओरडले. ढुंकूनही बघत नाहीत —

मग तिच्या आवाजात बोलले. मऊ. सगळा ताठा गिळून.
वळली! पळताहेत — शेवटची मुलगी दारात — गेली आत —

डाव्या हाताने लिहितेय. उजव्यातला माईक सुटत नाही. माझ्या बोटांवर बोटं आहेत. गार. भोंग्यातून ती सांगतेय, आता माझ्या आवाजात, की केंद्रात सगळं ठीक आहे, कुणी वर येऊ नका, आणि खिडकी पांढरी —