देवी कुंपणाआड

२९ मार्च १९८७

सोसायटीच्या देवळाला टाइल्स बसल्या — गुलाबी, थेट बाथरूमच्या! आत कोळ्यांची जुनी देवी, शेंदूर फासलेली शिळा. बिल्डरने कोपरची ही खाडीकाठची जमीन घेतली, तेव्हा तीही कुंपणाच्या आत आली. हरिहरने (नवरा माझा, चेअरमन सगळ्यांचा) दाराशी पाटी लावलीय — मांसाहारी नैवेद्य आणू नये.

म्हटलं, तुला दर बुधवारी पापलेट लागतं, मग तिला का बंदी? म्हणे, मी देव नाही.

५ एप्रिल

कोळीवाड्यातल्या आवडाबाई कोंबडा घेऊन आलेल्या. मुलाची, नाथाची होडी वादळातून परत आली, त्याचा नवस. वॉचमनने अडवलं. मी खाली गेले. पाटीवर काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. वाचून दाखवलं.

"देवीला इचारलंत?"

त्या कोंबडा काखेत धरून परत गेल्या. मला दिवसभर चैन नाही.

१२ एप्रिल

सभेत मीच तोंड उघडलं. जागा आधी त्यांची, देवी त्यांची, आणि नियम आपले — हे कुठलं? बरीच वादावादी. शेवटी ठरलं: चैत्री पौर्णिमेला देऊळ दिवसभर कोळ्यांचं. कोंबडा मात्र गेटबाहेर.

केवढी खूश मी! लगेच कोळीवाड्यात सांगायला पळाले. आवडाबाई सुकत घातलेली मासळी परतत होत्या. हात थांबला.

"आईला भेटायला आमाला परवानगी?" हसल्याही. मला वाटलं, मान्य झालं.

१४ एप्रिल, चैत्री पौर्णिमा

सकाळी अख्खा कोळीवाडा वाजतगाजत आला. देवीला हळदीने न्हाऊ घातलं, गाणी म्हटली. आमच्या बायकांनी ओटी भरली. मग नाथा आणि चौघांनी शिळा उचलून पालखीत ठेवली आणि चालू पडले — भरदिवसा, गेटमधून! वॉचमनला वाटलं मिरवणूक. त्याने सलाम ठोकला.

हरिहर पोलिसांत निघालेला. मी विचारलं, तक्रार काय करणार? त्यांची देवी त्यांनी नेली?

तो चपला घालून तसाच बसून राहिला.

१५ एप्रिल

हरिहर एकटाच कोळीवाड्यात जाऊन आला. पाटी काढतो, देवी परत आणा, असं सांगायला गेलेला. आवडाबाई म्हणाल्या, ती आता हितंच ऱ्हाईल, तुमी कंदी पन या.

जेवूनच आला.

मग म्हणाला, "तिथे ती मोठी दिसते, उत्तरा."