‘काशी’ या नावाला माझी हरकत

५ जानेवारी
ठरलं. वहिनीच्या बाळाचं नाव मी ठेवणार.
आई म्हणाली, घरात शिकलेली तू एकटी, तूच शोध. दादा म्हणाला, असं शोध की टेम्पोच्या मागे लिहिलं तरी शोभेल. वहिनी नुसती हसली. तिचं हसणं म्हणजे होच असतं.
औषधाच्या बाटलीवरचं लेबल या घरात मी वाचते, बँकेचा मेसेज मी वाचते, लाइटचं बिल जास्त का आलं ते मी समजावते. पण बाटली संपते, मेसेज पुसला जातो. नाव राहतं. उद्या त्या पोरीला कोणी विचारलं, नाव कोणी ठेवलं गं, तर ती म्हणेल, आत्यानं. मला दुसरं काही नको.
(मुलगीच होणार असं वहिनी म्हणते. मी माझं मत राखून ठेवलं आहे.)

९ जानेवारी
सापडलं. अवंतिका!
जुन्या नगरीचं नाव. धातू ‘अव्’, म्हणजे रक्षण करणे. एका कोशात असं दिलंय, दुसरा कोश गप्प आहे. घरी सांगताना दुसऱ्या कोशाचाही उल्लेख करायचा. खोटेपणा नको.

१२ जानेवारी
वहिनीची धाकटी बहीण आली होती. तिचं पार्लर आहे म्हणून आम्ही तिला पार्लरवाली म्हणतो, म्हणजे मी म्हणते. शाळा नववीत सोडली. नखं जांभळी. आईनं तिला उशीवाली खुर्ची दिली. त्या खुर्चीत मी बसले की आईच म्हणते, ऊठ, पाठ धरेल.
मी अवंतिका सांगितलं. धातूसकट.
मग पार्लरवाली म्हणाली, “ताई, छान आहे हो, पण सोसायटीचं नाव वाटतं. अवंतिका, बी विंग, लिफ्ट बंद आहे.”
दादा इतका हसला की चहा नाकातून आला. आईसुद्धा हसली. आई!
मग ती नखं बघत म्हणाली, काशी ठेवा की. छोटं आहे, हाक मारायला बरं.
आई म्हणाली, काशी! वहिनी म्हणाली, काशी! दादा म्हणाला, काशी! जणू हरवलेली किल्ली सापडली.
कोश नाही, धातू नाही. नखं बघत.

१३ जानेवारी
मला हेवा वाटत नाही. इथे नोंद करून ठेवते. काळजी फक्त अचूकपणाची आहे. शहराचं नाव माणसाला द्यायचं तर आधी ते शहराला का दिलं, हे बघायला नको? उद्यापासून काशीचा पूर्ण तपास. निःपक्षपातीपणे. वाईट अर्थ निघाला तर जड अंतःकरणाने सांगेन.

१७ जानेवारी
तपास चालू. एक मत: धातू ‘काश्’, म्हणजे चमकणे. प्रकाश त्यातलाच. दुसरं मत: काश नावाचा कोणी राजा होता, त्याच्यावरून. तिसरं मत: काश नावाचं गवत, पांढऱ्या तुऱ्यांचं.
गवत! पार्लरवाली भाचीला गवत म्हणणार.

१९ जानेवारी
आज जेवताना गवताचं सांगितलं. चेहरा गंभीर ठेवला. वहिनीनं विचारलं, ते पांढरं, वाऱ्यावर डोलतं ते? किती गोड! आईनं विचारलं, आणि बाकीची मतं? मला खोटं बोलता येत नाही. चमकणे, असं सांगावं लागलं. वहिनीनं पोटावर हात ठेवला, म्हणाली, चमकते गं, चमकतेच.
दादानं लगेच पार्लरवालीला फोन लावला. ऐकलंस का, तुझ्या नावाचा अर्थ चमकणारी निघाला, आमच्या मास्तरणीनं शोधून काढला.
तिच्या नावाचा! अर्थ मी काढला, नाव तिचं.

२० जानेवारी
पोळी करताना सुचलं. इतके दिवस कोशात डोकं घालून बसले आणि जे रोज घरात ऐकते ते विसरले. आपण ‘काशी घालणे’ म्हणतो! काम बिघडवलं की म्हणतो, काय काशी घातलीस. चिडलो की म्हणतो, घाल काय काशी घालायची ती. पोरीला आयुष्यभर हे ऐकवायचं? उद्या मांडते. शांतपणे. विजयाचा आव न आणता.

२१ जानेवारी
मांडलं. विजयाचा आव थोडा आला.
परिणाम झाला. आई हबकली. म्हणाली, बाई गं, माझ्या तर तोंडातच बसलंय ते. मी अवंतिका पुन्हा पुढे सरकवणार, एवढ्यात आई म्हणाली, मग आजपासून कोणी ते म्हणायचं नाही! पोर येईपर्यंत जीभ सुधारेल.
म्हणजे नाव नाही बदलायचं. मराठी बदलायची.

२४ जानेवारी
घरातली परिस्थिती. दूध उतू गेलं. आई म्हणाली, घातली ना का... आणि थांबली. मग म्हणाली, घातली ना माती. दादा रिव्हर्स घेताना खांबाला धडकला. घरी येऊन म्हणाला, आज मी टेम्पोची अवंतिका केली.
सगळे हसले. हा शब्द आता घरात या अर्थानं चालतो. ‘अवंतिका झाली.’ आईसुद्धा म्हणते. भाजी करपली, अवंतिका झाली.
मी हसले नाही. हसले असते तर मी राग लपवतेय असं त्यांना वाटलं असतं.

२७ जानेवारी
पार्लरवाली रोज येते. वहिनीचे पाय दाबते. मी पण दाबले असते, पण मला दुकानातल्या कामावरून यायला सात वाजतात आणि तोवर पाय दाबून झालेले असतात. आज उरलेल्या वेळात तिनं आईचे केस रंगवले. आई आरशात बघत होती. मी पहिला पगार आईच्या हातात दिला होता तेव्हा तिनं असं बघितलं होतं का, आठवत नाही.
हेवा नाही. आठवत नाही, एवढंच लिहिलंय.

३० जानेवारी
दुकानात घोळ. मी नोकरी करते ते दुकान नावाच्या पाट्यांचं. माझं काम मजकूर तपासणे. मी बरोबरची खूण केली की मशीन पितळेवर कोरतं, मग ब्रह्मदेव आला तरी पुसता येत नाही. आज दिव्यांच्या एका दुकानाची पाटी होती, ‘नवप्रकाश’. डोक्यात काश, काश चाललेलं. मी प्रकाशपुढे ‘ी’ दिली आणि खूण केली. ‘नवप्रकाशी’ कोरलं गेलं.
मालक ओरडले, “अगं काय काशी घातलीस ही!”
मी नम्रपणे म्हणाले, सर, मूळ अर्थ चमकणे असा आहे.
मशीनवाला तोंडावर फडकं धरून मागच्या खोलीत गेला.

३१ जानेवारी
मशीनवाला मला काशीबाई म्हणतो. दुर्लक्ष करायचं ठरवलं आहे. दुर्लक्ष केलं की गोष्टी मरतात.

२ फेब्रुवारी
दादा टेम्पो घेऊन दुकानाशी आला होता, म्हणाला चल, सोडतो घरी. मशीनवाला आतून ओरडला, काशीबाई, तुमचे बंधू आले! दादानं कारण विचारलं. मशीनवाल्यानं सांगितलं. सविस्तर. पाटीसुद्धा दाखवली.
दादा घरी पोचेपर्यंत हसत होता. दोन सिग्नलला मागून हॉर्न खाल्ले.

८ फेब्रुवारी
घरात आता मी काशीआत्या. आई म्हणते, काशीआत्ये, मीठ दे. पार्लरवाली म्हणते, काशीताई, भुवया करून देऊ का, फुकट. नको म्हणाले. करून घेतल्या. बऱ्या झाल्या आहेत. हे कुणाला सांगायचं नाही.

१४ फेब्रुवारी, सकाळ
मुलगी झाली! तीन किलोला थोडी कमी. डोळे मिटलेले. मी अजून हातात घेतली नाही, पार्लरवालीच्या हातात आहे. एवढा वेळ एकीनंच धरणं बाळाच्या मानेला बरोबर नाही. डॉक्टरांना विचारणार आहे.

१४ फेब्रुवारी, दुपार
जिंकले!
वहिनी स्वतःहून म्हणाली, “वन्सं, काशी नको हो आता. काशी म्हटलं की तुम्हीच डोळ्यांसमोर येता. पोरीला हाक मारायची आणि तुम्ही ओ द्यायची, असं व्हायचं.”
आईनं मान हलवली. दादानं पण. काशी रद्द! मी पिशवीतून कागद काढला. अवंतिकेला जरा वाईट अर्थ चिकटलाय, म्हणून आणखी सहा नगरींची नावं, धातूंसह, काढून ठेवली होती. पहिलं वाचायला घसा साफ केला.
तेवढ्यात पार्लरवाली बाळाकडे बघत म्हणाली... आणखी एका शहराचंच नाव म्हणाली. दोन अक्षरी. सगळे एकदम म्हणाले, हे! हेच!
ते नाव मी इथे लिहीत नाही. हात वळत नाही.
माझ्या कागदावर ते नव्हतं.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ
मी म्हणाले, चांगलं आहे नाव, फक्त कुठून आलं ते एकदा बघते. दादानं हात जोडले. अर्थ शोधू नकोस हां, माझी आई. आहे तसं राहू दे पोरीला.
मी बाहेर बाकावर येऊन बसले. कुणी विचारलं असतं तर सांगणार होते, आत गरम होतंय. कुणी विचारलं नाही. आतून हसण्याचा आवाज येत होता, त्यात पार्लरवालीचा वेगळा ओळखू येत होता.
मग नर्स दारात आली. म्हणाली, इथे काशीआत्या कोण? बाळाची आई म्हणतेय, बाकी सगळ्यांनी घेतली, आता काशीआत्याकडे द्या.
बाकावर आम्ही पाचजण होतो. मी पहिल्याच हाकेला उठले.