दुखवट्यात थांबलेलं चाक

प्रिय शिवा,

काल तुझ्या ऑफिसातला माणूस घरी आला आणि तुझा फोटो मागू लागला. कारवारकडच्या त्या खाडीकाठच्या गावात तुझ्या नावाचा दगड बसवणार आहेत म्हणे. कुठे? तुझ्या काचेच्या टाक्या काढून, त्याच जागेवर! मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. आज तुझ्याशी भांडायला बसलेय.

आपलं जांबोटी गाव सोडून निघालास तेव्हा आई काय म्हणाली, आठवतं? "हितं पाऊस घरात शिरतोय, आन् तू पानी करायला कुठं निघालास रं?" तू हसलास. "तितं विजेची तार न्हाय, गोडं पानी न्हाय. ऊन आन् वारा मात्र लई हाय, आई."

आणि केलंस की! वाऱ्यावर फिरणारं चाक समुद्राचं पाणी ओढून काचेखालच्या काळ्या टाक्यांत सोडायचं. उन्हानं वाफ व्हायची, काचेला धरायची आणि गोडं पाणी पन्हळीतून हंड्यात उतरायचं. पहिला हंडा भरला तेव्हा तिथल्या बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, हे तूच सांगितलंस. डिझेलची टंचाई होती, तेव्हा तुझ्या ऑफिसातले साहेबही उन्हावाऱ्याचे गोडवे गायचे.

मग तो मेला ताप! तू गेलास आणि गावानं दुखवटा धरला. तेराव्यापर्यंत चाक फिरायचं नाही, म्हणून दोरानं बांधून टाकलं. केवढी ही माया! पण ऊन कुणाचं सुतक पाळतं का रे? टाक्या कोरड्या पडल्या, मिठाचे थर चढले, काचा तापून तडकल्या. साहेब आले, "योजना चालत नाही" म्हणाले आणि मोकळे झाले.

राग तुझाही येतो. सगळं एकट्यानं करायची खोड तुझी! टाकी कोरडी पडू द्यायची नाही, एवढं एखाद्या बाईला सांगितलं असतंस तर? आता त्या बायका पुन्हा होडीनं खाडीपलीकडून पाणी आणतात. तुझं नाव निघालं की हात जोडतात. हात जोडून तहान भागते होय?

फोटो मी दिलेला नाही, देणारही नाही. मे महिन्यात माझ्या शाळेला सुट्टी लागली की तिकडे जाते. त्या बायकांना हाताशी घेऊन मीठ खरवडीन, काचा बसवून घेईन, आणि टाक्या कशा राखायच्या ते त्यांच्याकडून घोकून घेईन. दगड घेऊन कुणी आलंच तर त्याला आल्या वाटेनं परत पाठवीन. उद्या तिथली पोरं ते पाणी पितील आणि शिवा कोण, हे त्यांना ठाऊकही नसेल. तसंच होऊ दे.

तुझ्यावर रागावलेली,
आक्का