कायमच्या खाटा

ता. ३
ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तू सभागृहात म्हणालीस की नदीकाठच्या दवाखान्याला कुलूप आहे, आणि आरोग्यमंत्री म्हणाले की दवाखाना चालू आहे, खाटा आहेत, डॉक्टरही आहे. खरं काय ते डोळ्यांनी बघून कळव, असं तू लिहिलंस. आमदारबाईंचा हुकूम, निघालो लगेच. पण वाटेत एक पेटी दुरुस्त करणारा भेटला. त्यानं भाता उघडला तर आत उंदराचं अख्खं बिऱ्हाड. ते हलवण्यात काही दिवस गेले. ते असो.

पुढे एक ट्रक मिळाला. ड्रायव्हरला सगळे मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. त्याला माल उतरवायला माणूस हवा होता आणि मला फुकटची सवारी. योगायोग बघ, ट्रकमध्ये लोखंडी खाटाच होत्या आणि चालल्याही होत्या नदीकाठच्या दवाखान्यातच. म्हणजे मी नुसता बघून नाही आलो, स्वतःच्या हातांनी खाटा लावून, त्यांवर पांढऱ्या चादरी घालून आलो. पायरीवर कोट घातलेले डॉक्टर उभे होते. त्यांनी मला विचारलं, इथं पाणी कुठे मिळतं. एका आजीला तर गावाचं नावच विचारलं. इतका साधा डॉक्टर मी पाहिलेला नाही. उद्या मंत्री येणार आहेत. गावकरी लांब उभे राहून गप्प बघत होते, आनंदानं बोलती बंद झाली असावी.

तेव्हा ताई, तलवार म्यान कर. भाऊजींना नमस्कार, आईला सांग मी वेळेवर जेवतो. तुझी माया आहे तेवढी राहू दे. ती वाढावी असं मी काही केलेलं नाही.

तुझा,
भिंगरी


ता. ८
चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि त्यातला एक धपाटा.

तुझं पत्र हातात पडलं आणि मी सभागृहात उभं राहून सांगितलं की खाटा पोचल्याचं मला कळलं आहे. एवढ्यावर मंत्री थांबले असते तर ते मंत्री कसले. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग हसले आणि म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी अधूनमधून आपल्या मतदारसंघातही जावं. त्यांच्या बाकांवरून टेबलं वाजली. मी खोटा आरोप केला म्हणून मी माफी मागावी, अशी त्यांनी मागणी केली आहे. अध्यक्षांनी मला २० तारखेपर्यंत मुदत दिली.

काल नदीकाठची सुईणमावशी ऑफिसात आली, दोन बस बदलून. पाणीही न पिता म्हणाली की मंत्री गेले त्याच संध्याकाळी खाटाही गेल्या आणि कुलूप परत लागलं. बाळंतिणीला अजून बैलगाडीतूनच न्यावं लागतं. आता एकीकडे मावशी आणि दुसरीकडे माझा सख्खा भाऊ. तूच सांग, गावात नोकरी करणारा डॉक्टर त्याच गावाचं नाव विचारतो का? तुझे पाय चालतात त्याच्या निम्म्यानं डोकं चाललं असतं तर आईचे निम्मे केस काळे राहिले असते.

रागावले आहे, पण जीव तुझ्यातच आहे. उत्तर लगेच पाठव. कुणाची पेटी उघडत बसू नकोस.

तुझी,
ताई


ता. ११
ती. ताईस,
सा. न. वि. वि. खाली मान घालून.

मावशीचं खरं आहे. मंत्र्यांची गाडी वळणापलीकडे गेली आणि मामा म्हणाला, उचल. मला वाटलं जास्तीच्या खाटा असतील. मी त्याच खाटा परत चढवल्या आणि टेकडीवरच्या दवाखान्यात उतरवल्या. मंत्र्यांचा दौरा १६ तारखेला इथं आहे. कोटवाले डॉक्टरही आमच्या आधी इथं हजर. ते डॉक्टर नाहीतच, जिल्ह्याच्या भांडारातले कारकून आहेत. गळा मात्र गोड आहे त्यांचा. मामाला विचारलं तर तो म्हणाला, अरे, तुला काय वाटलं? दौरा पुढे तशा खाटा पुढे, वर्षानुवर्षं असंच चाललंय. पाऊसपाण्याविषयी बोलावं तसं बोलला.

लाज वाटली की मी पिशवी उचलतो, तुला ठाऊकच आहे. उचललीही होती. फाट्यावर एक म्हातारबाबा हातगाडी ढकलत येताना दिसले. गाडीत म्हातारी, पाय सुजून भोपळा झालेला. त्यांनी विचारलं, दवाखान्यात खाटा आल्यात म्हणे, आज डॉक्टर भेटेल का? माझ्या तोंडून नाही निघेना. गाडीला हात लावला आणि परत आलो. म्हातारीला खाटेवर निजवली तेव्हा कारकूनसाहेबांनी कोट काढून खुंटीला लावला आणि मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. गाणं बंद.

माझ्यामुळे तुझं तोंड खाली झालं. मी साक्ष देतो, माझ्या खऱ्या नावानं. तू त्या माणसाची माफी मागू नकोस. मागितलीस तर या म्हातारीलाही कुणी विचारणार नाही. पत्र टेकडीवरच्या दवाखान्यात मामाच्या नावे टाक.

हक्क नसूनही तुझा लोभ मागणारा,
भिंगरी


ता. १४
चि. भिंगरीस,
अ. आ. या वेळी धपाटा नाही.

तुझ्या साक्षीचं ते काय करतील सांगते. आमदाराचा भाऊ, ट्रकवरचा हमाल, आज इथं उद्या तिथं. दोन मिनिटांत उडवून लावतील. म्हणून मी वेगळं केलं.

आज मी उभी राहिले तेव्हा सगळ्यांना वाटलं माफीच येतेय. समोरचे टेबलावर हात ठेवून तयारच बसले होते. मी म्हटलं, माफीआधी मला एक खुलासा हवा. नदीकाठच्या आणि टेकडीवरच्या दवाखान्यांतल्या खाटा आणि डॉक्टर त्या त्या दवाखान्याचे कायमचे आहेत, की दौऱ्यापुरते? मंत्री ऐटीत उठले. म्हणाले, कायमचे, दोन्हीकडे कायमचे, सन्माननीय सदस्यांनी हवं तर लिहून घ्यावं. मी अध्यक्षांना विनंती केली की हे कामकाजात जसंच्या तसं नोंदवावं. मंत्र्यांच्या मागे बसलेल्या सचिवांचा चेहरा पडला होता, मंत्र्यांना तो दिसला नाही. मी आभार मानले आणि बसले. माफी मागितली नाही.

त्या नोंदीची प्रत पाठवते, शिक्क्यासकट. एक मावशीलाही पाठवली आहे. दवाखान्याच्या दारावर चिकटव आणि मोठ्यानं वाचून दाखव. मंत्री म्हणतात खाटा कायमच्या, तर त्या हलवणारा सरकारी मालाचा चोर. पुढचं लोक ठरवतील, तू शहाणपणा शिकवू नकोस. एकच सांगते, या वेळी पिशवी उचलू नकोस.

तुझ्या पायांवर नसला तरी तुझ्यावर विश्वास असणारी,
ताई


ता. १७
ती. ताईस,
सा. न. वि. वि. मान थोडी वर करून.

काल मंत्री आले. खाटेवर खरीखुरी म्हातारी बघून खूश झाले, तिच्याबरोबर फोटो काढला, पायाकडे काही बघितलं नाही. त्यांची धूळ बसते न बसते तोच मामानं ट्रक मागे घेतला. मी प्रत दारावर चिकटवली आणि वाचली. दोनदा अडखळलो, सरकारी मराठी जिभेवर बसत नाही. लोकांनी परत वाच म्हणून सांगितलं. परत वाचली.

मग हातगाडीवाली म्हातारी म्हणाली की ती काही उठत नाही. शेजारच्या खाटेवर तिची जाऊ आडवी झाली. मग दुसरी, तिसरी, सगळ्या खाटा भरल्या. अधिकारी धावत आले आणि प्रत्येकीला विचारू लागले काय होतंय. एकीची कंबर दुखत होती, एकीच्या छातीत धडधडत होतं, एकीनं सांगितलं की तिला सुनेचा त्रास होतोय. अधिकाऱ्यांनी मामाला खाटा चढवायला सांगितलं. मामानं किल्ली खिशात घातली आणि बॅटरी उतरली म्हणाला. त्याची नोकरी जाईल, ताई. त्याला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

दुपारी नदीकाठची माणसं चालत आली, पुढे सुईणमावशी. मला वाटलं, खाटांचा संच एकच आणि कागदावर हक्क दोन गावांचा, आता आपसात जुंपणार. मावशीनं सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, म्हणजे सरकार आम्हाला खाटांचा एक संच देणं लागतं. तो येईपर्यंत आम्ही इथंच भरती. आता एकेका खाटेवर दोघीदोघी आहेत, मावशी म्हातारीचा पाय शेकतेय. अधिकाऱ्यांनी हात जोडून विचारलं, तुम्हाला हवंय तरी काय? सगळ्या म्हणाल्या, कागदावरचा डॉक्टर.

आम्हाला धमक्या येताहेत. उद्या पोलीस येणार म्हणतात. मी इथंच आहे. तुझं तिकडे काय झालं ते कळव.

तुझा आणि आता जरा इथलाही,
भिंगरी


ता. २०
चि. भिंगरीस, आणि हे वाचून दाखवशील त्या सगळ्या जणींस,
नमस्कार आणि आशीर्वाद, ज्याला जे लागू असेल ते.

आज मुदत संपली. अध्यक्षांनी विचारलं, माफी मागणार का? मी म्हटलं, मागते, पण त्या कायमच्या डॉक्टरांची. मंत्र्यांनी त्यांना इथं आणावं, मी त्यांच्यासमोर हात जोडते. इतके दिवस ते नाहीत असं म्हणून मी त्यांचा अपमान केला. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, आणि ते आमच्या बाजूचं नव्हतं. मंत्री ओरडत राहिले. मी बसले नाही. शेवटी अधिवेशन संपेपर्यंत मला निलंबित केलं आणि दोन महिला मार्शलांनी दारापर्यंत आणून सोडलं. त्यातली एक हळूच म्हणाली की तिच्या माहेरच्या दवाखान्यातही खाटा येतात आणि जातात. तिच्या गावाचं नाव मी लिहून घेतलं.

म्हणजे आता मी रिकामी आहे. सकाळच्या बसनं निघते. आई ऐकत नाही, तीही येतेय. तुझे भाऊजी म्हणतात, आमदारकी गेली तर जाऊ दे, घरभाडं ते बघतील. मामाला सांग, त्याला काढलं तर त्याचं नाव घेऊन पहिला प्रश्न मी विचारीन, सभागृहात नाही तर रस्त्यावर. पोलीस आले तर त्यांना दारावरचा कागद वाचायला लाव, आणि हवं तर बसायला खाटेची कड द्या.

मी पोचेपर्यंत कुणी उठायचं नाही. पोचल्यावर मलाही आडवं व्हायला जागा लागेल.

तुमची,
ताई